दारू ‘सोडली’ म्हणायची, ‘सुटली’ म्हणायची की ‘बंद आहे’?

लेथवाला (अनगोळ) | रात्री १०:५२

गेल्या आठवड्यात भाचीचं लग्न झालं, खानापूरच्या अलीकडं. जेवणं उरकल्यावर मांडवामागं पाण्याच्या टाकीजवळ नेहमीची मंडळी जमली. कागदी कपात काय आहे ते मला अजून वीस फुटांवरून कळतं. एका पाव्हण्यानं कप पुढं केला. मी म्हटलं, “नको, माझी बंद आहे.”

“बंद म्हणजे? अय्यप्पाची माळ घातल्यास काय?” त्यानं माझ्या गळ्याकडं बघितलं. गळ्यात काहीच नव्हतं. मग त्यानंच निकाल लावला, “बी.पी. असंल.” मी मान डोलावली आणि आईस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

बेळगावकडच्या माणसाला हे समजवायला नको. काळे कपडे घालून ४१ दिवस थेंबही न घेणारे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. शबरीमलैहून परत आले की त्यातले बरेचजण पुन्हा पूर्वीच्या टेबलावर. त्यांची ‘बंद’ असते. मग मी सहा वर्षं दोन महिने झाल्यावर तोच शब्द का वापरला? शटर खाली ओढलंय, उद्या वर करता येतं, असाच त्याचा अर्थ होतो की.

परतीच्या बसमध्ये हिशेब केला. आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, “आमच्या पोरानं सोडली.” बायको म्हणते, “ह्यांची सुटली.” उद्यमबागेत कारखान्यात मी ‘सुधारला’. रविवारच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू थांबवू बघणाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये मी म्हणतो, “मी मद्यपी आहे, आणि आजचा दिवस प्यायलो नाही.” माणूस एकच, आणि चार ठिकाणी चार क्रियापदं. चारही ठिकाणी मला थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं.

‘बंद’ या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. २००७ च्या १ जुलैला कर्नाटकात सारायी, म्हणजे पाकिटातली स्वस्त देशी दारू, बंद झाली. आदल्या रात्री आम्ही चौघांनी पाकिटांना निरोप दिला, अगदी रडून. पुढच्या महिन्यात पगारातले जास्त पैसे जायला लागले, कारण आता ब्रँडी-व्हिस्की घ्यावी लागायची. पुढं नव्वद मिलीचा टेट्रा पॅक आला आणि आमची सोय झाली. तो खिशात वाजत नाही, फुटत नाही, कोपरा दातानं फाडता येतो. माझ्या टूलबॉक्समध्ये वर्नियरच्या (बारीक माप घ्यायच्या साधनाच्या) डबीखाली एक कायम असायचा. वर्नियरवर ०.०२ मिलिमीटरची रेघ जुळवावी लागते, आणि सकाळी सातला नाइंटी पोटात गेल्याशिवाय माझी रेघ जुळायची नाही. दोन्ही हातांनी धरलं तरी जबडे जॉबवर टकटक वाजायचे. शेजारच्या मशीनवरचा पोरगा तो आवाज ऐकून मान दुसरीकडं वळवायचा. पिऊन आलो की हात स्थिर, माप बरोबर, साहेब खूष. मी दारूमुळं कामावर टिकलोय, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

तर प्रश्न असा. इथं ज्यांची थांबलीये, ते स्वतःबद्दल काय म्हणतात? दुसऱ्याला सांगताना एक आणि मनात दुसरं असेल तर दोन्ही लिहा. उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो.

निपाणी_तंबाखू | रात्री ११:१४

व्याकरणाचा तास चालू झाला म्हणायचा. राग मानू नका, पण एवढा शब्दांचा कीस कशाला? माझ्या चुलत्यानं एका रात्रीत सोडली. मीटिंग नाही, गोळी नाही, माळ नाही. “आजपासून नाही” म्हणाला आणि विषय संपला. मनात आणलं की होतं.

येळ्ळूरचा_माळकरी | सकाळी ६:०५

रामकृष्णहरी. मी २०११ च्या आषाढीला पंढरपुरात माळ घातली. तेव्हापासून मटण-मासे आणि दारू एकदम गेली. आमच्या गावात ‘माळ घातली’ एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. कप पुढं येतच नाही. लग्नात वाढपी पोरं लांबूनच म्हणतात, “मामा माळकरी हाईत, त्यांना तिकडच्या पंगतीत.”

लेथवाले, मला तुमच्या मीटिंगचं एक कळत नाही. सहा वर्षं झाली, तरी “मी मद्यपी आहे” असं कशाला म्हणायचं? ज्या नावानं गावानं हिणवलं, तेच नाव आपण दर रविवारी स्वतःला लावून घ्यायचं? मी आता तो माणूसच नाही. एकादशी करतो, सकाळी हरिपाठ म्हणतो. तो दुसरा होता.

जुना_कॅम्प | सकाळी ९:३०

मला या प्रवासात तेवीस वर्षं झाली. माळकरीबुवांच्या प्रश्नावर थोडं.

हा वाद इंग्रजीतही आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्यात ‘रिकव्हर्ड’ म्हणजे बरे झालेले असा शब्द आहे. मीटिंगच्या बोलण्यात मात्र लोक ‘रिकव्हरिंग’ म्हणजे बरा होत असलेला असंच म्हणत राहिले. नव्वद वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. लेथवाल्यांनी एका रात्रीत मिटवू नये.

त्या सर्जनची एक गोष्ट आम्ही नव्या माणसाला हमखास सांगतो. ऑपरेशन होतं, हात थरथरत होते, म्हणून त्याला एक बिअर देऊन टेबलाशी पाठवलं. तो त्याचा शेवटचा घोट. ती तारीख १० जून १९३५ धरतात आणि तोच आमचा स्थापनादिन. लेथवाल्यांचं वर्नियर वाचून मला तेच आठवलं. हात स्थिर राहावा म्हणून पिणारा माणूस मजा म्हणून पीत नसतो, हे न पिणाऱ्याला कितीही सांगितलं तरी पटत नाही.

आता ‘मी मद्यपी’ का म्हणतो? माझ्यापुरतं सांगतो. पहिल्या पाच वर्षांत मी हे लाज म्हणून म्हणायचो, पुढं सवय म्हणून. आता म्हणतो ते टायफॉइड होऊन गेलेला माणूस बाहेरचं पाणी पिताना आठवण ठेवतो तसं. ‘तो दुसरा होता’ असं मी दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा वर्षाच्या आत तो दुसरा परत आला, माझेच कपडे घालून.

थोडी कुरकुरही करतो. आमच्याकडं सांगण्याचा एक साचा आहे: पूर्वी कसे होतो, काय घडलं, आता कसे आहोत. साचा चांगला आहे, नव्या माणसाला बोलायला आधार मिळतो. पण काहींचं त्या साच्याचं कीर्तन होतं. दरवर्षी तोच गटारीचा विनोद, त्याच जागी आवंढा, त्याच जागी टाळ्या. मी स्वतः असा एक झालो होतो. एकदा मध्येच लक्षात आलं की रडण्याची जागा जवळ आली म्हणून मी रुमाल आधीच काढलाय. त्या दिवशी खाली बसलो आणि वर्षभर फक्त ऐकलं.

ड्युटी_रात्रीची | दुपारी २:२०

मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात, बारा वर्षं. रात्रपाळी करून उठले आणि हा धागा दिसला. निपाणीकरांच्या प्रतिसादानं राहवलं नाही.

‘एका रात्रीत सोडली’ हे वाचून कुणी आज रात्री प्रयोग करू नका. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांच्या आसपास भ्रम होतो: चादरीवर मुंग्या दिसतात, दाराशी पोलीस दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावतो. मनोबळ कितीही असू दे. दवाखान्यात लिब्रियमसारखी गोळी उतरत्या मात्रेत देतात आणि बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन देतात. घरी कंपाउंडरला बोलावून नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेणारे खूप आहेत. थायमिन आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे मी इथं ओरडून लिहितेय असं समजा.

आणि एक. बायका, आया, बहिणी: डायसल्फिरमची, म्हणजे दारू सोडवायची, गोळी न सांगता डाळीत, आमटीत मिसळू नका. दारू शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, पुढं त्याचं रूपांतर होतं. ही गोळी ते पुढचं रूपांतर अडवते. वर प्यायला की चेहरा लालबुंद, छाती धडधड, उलट्या, बी.पी. खाली. ज्याला माहीत आहे आणि ज्यानं स्वतः होकार दिलाय, त्यालाच ती डॉक्टर देतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं सांगायचं तर वॉर्डात तिसऱ्या दिवशी कुणीच ‘सोडली’ म्हणत नाही. जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, “सिस्टर, मला धारवाडला तर नेणार नाही ना?” आपल्याकडं धारवाड म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल, लहानपणापासून धमकी ऐकलेली असते. वेडा ठरलो नाही एवढंच त्याला त्या दिवशी हवं असतं. दारूचं पुढं.

अवांतर: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले साधारण ५.७ कोटी लोक निघाले. मांडवामागं तुम्ही एकटे नव्हता.

जांबोटी_काजू | दुपारी ४:४१

मी २९ वर्षांचा. ११९ दिवस. टेम्पो चालवायचो, चोर्ल्यातनं गोव्याला जाऊन येऊन. तिकडं स्वस्त, इकडं महाग, हे गणित या रस्त्यावरच्या पोराला पाढ्याआधी येतं. मार्च-एप्रिलात काजूच्या बोंडाची उर्राक, बाकी वर्षभर मिळेल ते.

माझा प्रश्न वेगळा हाय. मीटिंगमध्ये मला बोलायला सांगतात. पिण्याचं सांगायला लागलो की भारी रंगतं. घाटात टेम्पो उभा करून झोपलो आणि गव्यानं आरसा फोडला, ते सांगितलं की सगळे हसतात. मग म्हणतात, आता सोबर झाल्यावरचं सांग. तिथं माझं तोंड बंद. काय सांगायचं? उठलो. दात घासले. भात खाल्ला.

नाही, दात घासल्याचं सांगतो. दोन वर्षं मला सकाळी ब्रश तोंडात घातला की ओकारी यायची. मी बोटानं, मिठानं, कसंतरी करायचो. दवाखान्यातनं आल्यावर एका सकाळी सगळे दात घासून झाले, चूळ भरली, आणि मग लक्षात आलं की आज ओकलो नाही. बाहेर येऊन आईला सांगितलं, “आई, दात घासले.” ती म्हणाली, “बरं मग?” तिला काय कळणार. माझ्यासाठी तेच ‘सुटली’.

‘बरा झालो’ हा शब्द मला नको. त्याच्या आधी घरच्यांनी मला एका केंद्रात टाकलं होतं. नाव घेत नाही. रात्री पाय खाटेला बांधायचे. फोन नाही, घरच्यांशी बोलणं नाही. तीन महिन्यांनी सोडताना कागदावर लिहून घेतलं, ‘मी पूर्ण बरा झालो आहे, माझी तक्रार नाही.’ बसस्टँडला उतरलो आणि तिथंच घेतली.

ड्युटी_रात्रीची | दुपारी ४:५८

जांबोटी, बांधून ठेवणं बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीनं जखडायला स्पष्ट मनाई आहे, आणि दारूच्या व्यसनावरचे उपचारही त्याच कायद्याखाली येतात. घरच्यांवर रागावू नको, त्यांना ‘कोर्स’ म्हणूनच सांगितलेलं असतं. ११९ दिवस छान. गोड खावंसं वाटतंय का? वाटतं सगळ्यांना, सुरुवातीला खा.

जांबोटी_काजू | सायंकाळी ५:०३

सिस्टर, खिशात कायम कुंदा असतो. कागदात गुंडाळून. चार वाजले की हात खिशात.

हुक्केरी_अण्णा | सायंकाळी ६:३७

नमस्कार. आमचं घर मराठी, शाळा कन्नड. लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

मी धर्मस्थळवाल्यांच्या मद्यवर्जन शिबिरातनं आलो. ते गावोगाव घेतात, आमच्याकडं कल्याण मंटपात होतं. आठवडाभर तिथंच राहायचं, सकाळी योगासनं, भजन, डॉक्टरांचं बोलणं, घरची माणसं मध्ये एक दिवस भेटायला. संपल्यावर नवजीवन समिती करून देतात, त्यात आमचं भेटणं चालू आहे.

तिथं सगळं कन्नडमध्ये. पहिल्या दिवशी उभं राहून मी म्हटलं, “नानु कुडुक.” म्हणजे मी दारुडा. सहज म्हटलं, जीभ अडखळली नाही. रात्री गादीवर पडून तेच मराठीत मनातल्या मनात म्हणायला गेलो तर गळा दाटला. ‘दारुडा’ हा शब्द मला माझ्या आज्जीच्या आवाजात ऐकू येतो, ‘कुडुक’ कुणाच्याच आवाजात येत नाही. म्हणून कबुली कन्नडमध्ये सोपी गेली. पण घरी येऊन आईच्या पायाशी बसलो तेव्हा कन्नडमधलं ‘क्षमिसु’ कामाला येईना. तिथं “आई, चुकलं माझं” हेच लागलं. त्याला आणखी पाच महिने गेले.

लेथवाल्यांच्या प्रश्नाचं कन्नड उत्तर: आम्ही म्हणतो ‘बिट्टे’, सोडलं. पण तेच क्रियापद पाऊस थांबला तरी वापरतात, ‘मळे बिट्तु’. शाळा सुटली तरी तेच. त्यामुळं मी सोडलं की ते आपोआप थांबलं, हा घोळ कन्नड माणूस अंगावर घेत नाही. आमचे मास्तर म्हणायचे, पाऊस थांबला म्हणून छत्री विकू नये. (हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आठवड्यात नऊ वेळा ऐकलं.)

खडीसाखर (वडगाव) | रात्री ९:१६

सिस्टर, ती डाळीत गोळी घालणारी बायको मी आहे.

कुणीतरी सांगितलं, औषध दुकानातनं आणली, चार महिने कुटून आमटीत घातली. गोळी घातलेल्या दिवशी ते प्यायले की तोंड तापलेल्या तव्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, लागू पडतंय. एका रात्री जमिनीवर पडले, हात गार, श्वास लागेना. रिक्षातनं नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तेव्हा मी गप्प बसले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं. ते वाचले. पण त्या दोन मिनिटांच्या गप्प बसण्याचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. इथं नाव नाही म्हणून लिहिते.

आता तुमच्या ‘सोडली’ आणि ‘सुटली’बद्दल. आमच्या ह्यांना सात वर्षं झाली. दरवर्षी ग्रुपमध्ये त्यांचा ‘वाढदिवस’ करतात, मेडल देतात. मी साडी नेसून जाते, पहिल्या रांगेत बसते. पाऊण तास बोलतात. त्यातला माझा भाग असा: “बायकोनं खूप सोसलं.” चार शब्दसुद्धा नाहीत. टाळ्या. मग पुढचा किस्सा.

सोसलं म्हणजे काय केलं मी? घरातले दोन माग होते, त्यातला एक विकला. मुलीच्या फीसाठी वडगावातल्या तीन घरांत उसने मागितले, तिन्ही घरांत वेगळं कारण सांगितलं आणि कुठं काय सांगितलं ते वहीत लिहून ठेवलं, घोटाळा नको म्हणून. आणि कान लावले. गेटच्या कडीच्या आवाजावरून मला कळायचं की आज किती झालीय. कडी एकदाच वाजली तर बरं. दोनदा-तीनदा चाचपडत वाजली की मी पोरांना आतल्या खोलीत न्यायची आणि भाताचं पातेलं झाकून ठेवायची, कारण ते आधी पातेल्यावर निघायचं.

सात वर्षं त्यांची सुटली आहे. माझे कान अजून साडेदहाला गेटवर जातात. ते शेजारी घोरत असतात तरी. फॅमिली ग्रुपमध्ये, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगमध्ये, हे बोलले तेव्हा तिथल्या सगळ्या बायका हसल्या, कारण सगळ्यांचं तेच होतं. कुणाला स्कूटर, कुणाला चप्पल, कुणाला जिन्यावरची खोकल्याची उबळ.

मला विचाराल तर तुम्ही काहीही म्हणा. फक्त ‘मी सोडली’ म्हणताना त्या ‘मी’ मध्ये आमच्या विकलेल्या मागाचे पैसे धरलेत का तेवढं बघा.

लेथवाला | रात्री ९:४८

वहिनी, बायकोला हे वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तिनं फोन परत दिला आणि म्हणाली, “आमचं कुलूप होतं, कडी नव्हती.” मला बारा वर्षांत हे माहीत नव्हतं.

नाव_नको | रात्री १२:३३

बराच वेळ लिहून पुसतेय.

मी बाई आहे आणि मी पीत होते. कुठल्या बारला गेले नाही, गटारात पडले नाही, कुणाला मारलं नाही. कोकमच्या बाटलीत ठेवायची, स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. स्टीलच्या पेल्यात. स्टीलमध्ये रंग दिसत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक. मुलं झोपल्यावर बाकीचं. तोंडात कायम लवंग. ऑफिसमधल्या सगळ्यांना वाटायचं मला दाढदुखी आहे, एका ताईंनी दंतवैद्यही सुचवला.

दोन वर्षं अकरा महिने झाले. मी दूरच्या गावी मीटिंगला जाते, महिन्यातनं दोनदा, फोनवर बाकीच्या. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या दादांनी अतिशय प्रेमानं सांगितलं, “ताई, फॅमिली ग्रुप शेजारच्या खोलीत.” मी गेले. बसले. नवऱ्याच्या दारूबद्दल काहीतरी खोटंच बोलले आणि घरी आले. तो माणूस सुपारीसुद्धा खात नाही. पुन्हा जायला चार महिने लागले.

तुमच्या सगळ्यांच्या शब्दांचा मला हेवा वाटतो. ‘सोडली’ म्हणायचं तर आधी ‘पीत होते’ म्हणावं लागतं. ते फक्त नवऱ्याला आणि डॉक्टरांना माहीत आहे. तुम्हाला मांडवामागं कुणी विचारतं तरी. मला कुणी कप पुढं करत नाही, त्यामुळं मला नाहीही म्हणता येत नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, “हल्ली तुझा चेहरा उजळलाय, काय लावतेस?” मी म्हणते, मुलतानी माती.

खडीसाखर | रात्री १२:४०

अगं जागीच आहे मी. व्यनि (खासगी निरोप) केलाय. बघ.

जुना_कॅम्प | सकाळी ७:१०

नाव_नको, त्या दारातल्या दादांसारखं मीही दोन बायकांना शेजारच्या खोलीत पाठवलं आहे. त्यातली एक परत आली. दुसरीचं काय झालं ते मला माहीत नाही. काल रात्रीपासून तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय, फक्त छत्री आठवते, हिरवी.

येळ्ळूरचा_माळकरी | सकाळी ७:५५

मी काल ‘तो दुसरा होता’ असं लिहिलं. ताईंचं वाचून आता पुरतं सांगतो.

२०१६ ला भाऊ गेला. तेराव्याच्या रात्री मी माळ काढली. तुटली नाही, मीच काढली, डोक्यावरनं. देवघरात ठेवायला हात होईना म्हणून परड्यातल्या खुंटीला अडकवली, बैलाच्या घुंगरांशेजारी. आणि प्यायलो. सकाळी आंघोळ करून परत घातली. गावात कुणाला माहीत नाही. आमच्या महाराजांना माहीत आहे. ते काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या एकादशीला स्वतःशेजारी बसवलं.

म्हणून माझी पाच वर्षं आणि मग पुढची, असे दोन तुकडे आहेत. गावाला मी सरळ २०११ सांगतो.

जुना_कॅम्प | सकाळी ८:०२

बुवा, आमच्याकडं त्याला स्लिप म्हणतात. तारीख नव्यानं मोजतात, माणूस जुनाच राहतो. काहीजण ती तारीख लपवतात, तुमच्यासारखंच. रविवारी या चहाला. माळ घालूनच या, तिथं कुणाला अडचण नाही.

निपाणी_तंबाखू | दुपारी १:१९

काल चुलत्याकडं गेलो होतो. हा धागा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, कारण चष्मा सापडत नव्हता. मग म्हटलं, काका, तुम्ही एका रात्रीत सोडली होती ना? तर म्हणाले, “एका रात्रीत सोडली, खरं आहे. पण तशी मी चौदा वेळा सोडली होती. तेरा वेळचं तुझ्या बापाला माहीत नाही.”

कुठली कुठली ते विचारलं तर बोटावर मोजून दाखवली. चिंचलीच्या मायाक्काचा भंडारा उचलून दोनदा. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून एकदा, ती त्यांनी सांगितलीच नाही, बोट नुसतं दुमडलं. बाकी श्रावण वगैरे.

माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो. पुसत नाही, राहू दे तसाच.

ड्युटी_रात्रीची | दुपारी २:०५

ज्यांना समोरासमोर विचारायची लाज वाटते त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट. कन्नड येत नसेल तर आधीच सांगा. नाव सांगायलाच पाहिजे असं नाही. नाव_नको, हे तुमच्यासाठीच नाही, पण तुमच्यासाठीही.

लेथवाला | रात्री १०:२०

मांडवामागच्या त्या पाव्हण्याचा आज फोन आला. दुसऱ्याच कामासाठी केला होता, म्हशीच्या व्यवहाराचं काहीतरी. ठेवता ठेवता म्हणाला, “तुझं ते बी.पी. नव्हतं न्हवं?” मी म्हटलं, नव्हतं. थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज आला त्याच्याकडचा. मग विचारलं, “किती वर्षं म्हणालास?” मी काही म्हणालोच नव्हतो त्या दिवशी. सहा सांगितली. “बरं,” म्हणाला, आणि परत म्हशीवर आला.

शब्दाचं अजून जमलेलं नाही. पुढच्या महिन्यात उचगावात बारसं आहे, तिथं बघू.

जांबोटी_काजू | रात्री १०:३१

आज १२१. कुंदा संपलाय. उद्या बेळगावास्नं जांबोटीकडं कुणी येणार असेल तर पाव किलो आणा, पैसे देतो. ताजा आणा, मागच्या वेळचा कडक होता.